ओकोनोमियाकी घरच्या तव्यावर: आधी कोबी, मग पीठ

दोन ओकोनोमियाकींना मैदा लागतो १०० ग्रॅम आणि कोबी ३०० ग्रॅम. हे प्रमाण एकदा डोक्यात बसलं की निम्मी कृती न सांगता कळते. ‘गोड नसलेला जपानी पॅनकेक’ असं वर्णन ऐकून बरेच जण आधी पीठ भिजवतात आणि मग त्यात मावेल तेवढा कोबी घालतात. त्यातून जे होतं ते भुकेला बरं असतं, पण ओसाकातल्या तापलेल्या लोखंडी पत्र्यावरून उतरते ती वस्तू निराळी. तिथे मुख्य पदार्थ कोबी. पीठ त्याला एकत्र धरून ठेवण्यापुरतं, कांदाभजीत कांद्याला धरतं तेवढंच. आणि कोबीच्या तुकड्यांमध्ये हवा राहिली पाहिजे. चिरणं, कालवणं, उलटणं, झाकण ठेवणं, सगळी खटपट ती हवा टिकवण्यासाठी आहे.

पदार्थ मुळात गरिबीतला. ओसाका-क्योतो-कोबे पट्ट्यात महायुद्धाआधी ‘इस्सेन योशोकु’ मिळायचं: पिठाची पातळ पोळी, वर पातीचा कांदा आणि वूस्टर सॉस. दर एक सेन, म्हणजे येनचा शंभरावा भाग. युद्धानंतर तांदळाची टंचाई होती आणि अमेरिकेतून मदतीचा गहू येत होता. त्या दिवसांत ही पोळी जाड झाली, कोबी वाढला आणि खाऊचं जेवण झालं. हिरोशिमात तिने वेगळं वळण घेतलं, त्याबद्दल शेवटी. घरी पहिल्यांदा करणाऱ्याने ओसाकाचीच करावी.

काय काय लागेल

साधारण १५ सेंटिमीटर रुंदीच्या दोन ओकोनोमियाकींसाठी:

- कोबी ३०० ग्रॅम (मधला जाड दांडा काढून)
- मैदा १०० ग्रॅम
- दाशी १०० मिलिलिटर, थंड
- नागाइमो ६० ग्रॅम, किसून
- अंडी २
- तेनकासु ४ मोठे चमचे
- बेनी शोगा २ मोठे चमचे, बारीक चिरून
- पातीचा कांदा २ काड्या
- मीठ आणि बेकिंग पावडर, प्रत्येकी पाव छोटा चमचा
- पोर्क बेलीचे पातळ काप ६ (पर्याय पुढे आहेत)
- वरून: ओकोनोमी सॉस, मेयोनीज, आओनोरी, कात्सुओबुशी

यादी पाहून घाबरू नका. यातलं जे मिळत नाही त्यातलं बरंचसं घरी होतं, आणि एक-दोन गोष्टी सरळ गाळता येतात.

दाशी

दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचं मूळ पाणी. अर्धा लिटर पाण्यात कोंबू या समुद्री वनस्पतीचा ५ ग्रॅमचा तुकडा अर्धा तास भिजू द्या. मग मंद आचेवर ठेवा आणि कडेला बुडबुडे दिसू लागले की उकळी फुटायच्या आत तो तुकडा काढून टाका. उकळला तर दाशी बुळबुळीत आणि कडवट होते. आता एक उकळी येऊ द्या, गॅस बंद करा, १० ग्रॅम कात्सुओबुशी टाका, दीड-दोन मिनिटांनी गाळा. कात्सुओबुशी म्हणजे कुप्याच्या जातीतला कात्सुओ मासा वाळवून, धुरी देऊन लाकडासारखा कडक केलेला आणि रंध्यावर किसलेला. त्याचं जवळचं भावंड आपल्याच देशात आहे: लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावरचं मासमीन त्याच माशाचं करतात.

या पाककृतीला दाशी लागते जेमतेम १०० मिलिलिटर. उरलेली दोन दिवस फ्रिजमध्ये राहते, सूपला वापरा. एवढा खटाटोप नको असेल तर दाशीची तयार पावडर पाव छोटा चमचा पाण्यात विरघळवा, कोणी नाव ठेवणार नाही. जपानी घरांतही बहुतेक वेळा तेच होतं. शाकाहारी असाल तर कोंबूसोबत दोन वाळलेले शिताके मशरूम रात्रभर थंड पाण्यात भिजवून ते पाणी वापरा. साधं पाणी मात्र घालू नका; पीठ फिकं राहतं आणि मग ती उणीव सॉस ओतून भरून काढावी लागते.

नागाइमो, किंवा त्याच्याशिवाय

नागाइमो हा लांब दंडगोल कंद. कच्चा किसला की चिकट, तार सुटणारा लगदा होतो. त्या चिकटपणात हवा अडकते, म्हणून ओकोनोमियाकी आतून मऊ आणि हलकी होते. ओसाकाच्या दोतोनबोरीत मिझुनो नावाचं १९४५ पासूनचं दुकान आहे. तिथली यामाइमोयाकी पीठ अजिबात न घालता निव्वळ किसलेल्या कंदावर होते. पीठ किती दुय्यम आहे याचा यापेक्षा मोठा पुरावा नको.

सोलताना हाताला खाज येते. हातमोजे घाला किंवा हाताला व्हिनेगर चोळा, आणि किसणीच्या सगळ्यात बारीक बाजूने किसा.

भारतात ताजा नागाइमो सहजासहजी हाती लागत नाही. आशियाई किराणा दुकानांत त्याची पावडर कधी कधी मिळते. अमेरिका, इंग्लंड, सिंगापूरमध्ये राहणाऱ्यांना कोरियन किंवा चिनी बाजारात ताजा मिळेल. त्याच्या जागी अळकुडी, सुरण किंवा कोनफळ कच्चं किसून घालायचा मोह होईल, तो आवरा. ओकोनोमियाकीचा आतला भाग पुरेसा शिजला नाही तर घसा खवखवतो, आणि मग दोष कोबीला मिळतो. मिळत नसेल तर सरळ गाळा. १०० ग्रॅम मैद्यातला एक मोठा चमचा काढून तेवढं कॉर्नफ्लोअर घाला, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा करा आणि दाशी एक मोठा चमचा वाढवा. किसलेल्या कंदाचा मऊपणा येत नाही, पण हलकेपणा बऱ्यापैकी जमतो.

आता पीठ. मैदा, मीठ, बेकिंग पावडर चाळून घ्या, थंड दाशी ओता, गुठळ्या जाईपर्यंतच ढवळा, नागाइमो मिसळा आणि झाकून फ्रिजमध्ये किमान अर्धा तास ठेवा. जास्त घोटलं तर मैद्याला चिवटपणा येतो. कणकेची करता येईल का, असा प्रश्न हमखास येतो. एक चतुर्थांश कणीक खपून जाते, त्यापुढे चव आणि वजन दोन्ही अंगावर येतात.

कोबी

इथे घाई करू नका. जपानी कोबी, विशेषतः वसंतातला, सैल पानांचा आणि गोडसर असतो. आपल्याकडचा गड्डा घट्ट, पानं जाड. म्हणून हलका वाटेल असा गड्डा निवडा, बाहेरची दोन-तीन राठ पानं काढा आणि प्रत्येक पानाची जाड शीर कापून बाजूला ठेवा, ती भाजीला जाईल. थंडीतला कोबी सगळ्यात चांगला. पावसाळ्यातला पाणचट निघतो.

पानं एकावर एक रचून आधी अर्धा सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा, मग त्या आडव्या चिरून साधारण एक सेंटिमीटरचे तुकडे करा. किसणीवर किसू नका आणि फूड प्रोसेसरमध्ये तर मुळीच फिरवू नका. ठेचलेल्या कोबीला पाणी सुटतं आणि आत वाफेची जागा उरत नाही, चिखल होतो. फार मोठे तुकडेही नकोत, ते उलटताना बाहेर डोकावतात आणि कड तुटते.

गड्डा धुवायचा तर चिरायच्या आधी, आणि नीट निथळून. चिरलेला कोबी ताटात किंवा सुती पंचावर पसरून अर्धा तास पंख्याखाली ठेवा. मीठ लावून पिळायची सवय हाताला असते, ती इथे विसरा. आपल्याला कोरडा कोबी हवा आहे, मऊ पडलेला नको.

वाट्यावाटीतला ऐवज

तेनकासु म्हणजे तेंपुरा, म्हणजे जपानी भजी, तळताना तेलात उडालेले पिठाचे कण. त्याने आत तेलकट खमंगपणा आणि पोकळी दोन्ही येतात. घरी करायला सोपं: तीन मोठे चमचे मैदा बर्फाच्या पाण्यात ताकाइतका पातळ करा, बुंदीच्या झाऱ्यातून गरम तेलात पाडा, सोनेरी झाले की कागदावर काढा. वडापावच्या गाडीवरचा चुरा घातला तर? चालत नाही असं नाही, पण बेसनाची चव सगळ्यांवर कुरघोडी करते.

बेनी शोगा हे उमे या जपानी फळाच्या आंबट पाण्यात मुरलेलं लाल आलं. कोवळं आलं काडीसारखं चिरून मीठ लावा, तासाभराने पिळून व्हिनेगर, चिमूटभर साखर आणि बीटच्या दोन चकत्यांसोबत रात्रभर बरणीत ठेवा. उमेचा वास येणार नाही, पण काम होईल. आलं गाळू मात्र नका. सॉस गोड, मेयोनीज तेलकट, त्यांना तोंड देणारं तेच एक आहे.

आणि आता माझी एक शिफारस. जपानमध्ये अनेक जण यात साकुरा एबी ही सुकी बारीक कोळंबी घालतात. कोकण किनाऱ्यावरचा जवळा तिची जागा उत्तम घेतो. निवडून, कोरडा मंद आचेवर कुरकुरीत भाजून प्रत्येक ओकोनोमियाकीला एक मोठा चमचा घाला. जवळा खारट असतो, त्यामुळे पिठातलं मीठ वगळा. मला तर हा परदेशी पाकिटातल्या साकुरा एबीपेक्षा सरस वाटतो.

वरचा मुख्य थर ओसाकात पोर्क बेलीचा, कारण तिची चरबी वितळून खालची बाजू तळली जाते. काप दोन-तीन मिलिमीटरचे हवेत. मांस अर्धवट गोठलेलं असताना कापलं तर पातळ निघतं. पोर्क नको असेल तर सोललेली कोळंबी किंवा माकुलाच्या चकत्या, तेल थोडं वाढवून. चिकन लवकर कोरडं पडतं, म्हणून मांडीचंच घ्या आणि अगदी पातळ कापा. शाकाहारी असेल तर मशरूम, मक्याचे दाणे किंवा चीज. पनीर मी सुचवणार नाही; ते बाकीच्यांशी मिसळत नाही.

कोळंबीवरून आठवलं, ओकायामा प्रांतातल्या हिनासे बंदरात हिवाळ्यात ‘काकिओको’ खातात, म्हणजे कालवांची ओकोनोमियाकी. ओकायामा हे नाव पुणेकरांना नवं नाही: सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान तिथल्या कोराकुएन बागेवरून घडवलेलं आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात कालवं मिळणाऱ्यांनी हा प्रकार जरूर करावा. कालवं निथळून, टिपून कोरडी करा, थोड्या तेलात कडा मुडपेपर्यंत परता आणि पोर्कऐवजी वर मांडा.

कालवणं: एका वेळी एकच

सगळ्यात जास्त ओकोनोमियाकी इथे बिघडतात. दोघांचं मिश्रण एकाच पातेल्यात कालवून ठेवलं तर पहिली चांगली होते आणि दुसरीच्या वेळेपर्यंत कोबीला पाणी सुटलेलं असतं. ओसाकातल्या दुकानांत प्रत्येकाचा वेगळा वाडगा येतो, वर अंडं फोडलेलं, आणि कालवणं होतं ते पत्रा तापल्यावर. तसंच करा.

खोलगट वाडग्यात निम्मं पीठ, निम्मा कोबी, तेनकासु, आलं, पात, जवळा आणि वर एक अंडं. तवा तापत ठेवा आणि मगच चमचा हातात घ्या. तळापासून वर उचलून, वाडगा फिरवत, सैल हाताने कालवा. दहा-बारा वेळा उचललं की पुरे. अंड्याचे पिवळे-पांढरे पट्टे थोडे दिसत राहिले तरी चालतील. वाडग्यात बघून ‘यात पीठ कुठे आहे?’ असं वाटलं तर प्रमाण बरोबर आहे.

तव्यावर

सपाट बुडाचा, जाड, झाकण नीट बसेल असा तवा किंवा पॅन हवा. बिडाचा तवा सपाट असेल तर त्याहून चांगलं काही नाही. पोळ्यांचा खोलगट तवा नको, मध्ये जाड आणि कडेला पातळ होईल. दोन रुंद कालथे हाताशी ठेवा.

मध्यम आचेवर तवा तापवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर नाचत उडून गेला की एक मोठा चमचा तेल पसरवा. मिश्रण एकदम मध्यभागी ओता आणि कालथ्याच्या कडेने बाजूने गोळा करत गोल आकार द्या, जाडी दोन-अडीच सेंटिमीटर. वरून सारखं करा, पण दाबू नका. पोर्कचे तीन काप वर शेजारी शेजारी मांडा. मग तीन-चार मिनिटं हात लावू नका. झाकणही आत्ता नको.

कडेचं पीठ ओलसर चकाकी सोडून मळकट दिसायला लागलं आणि कालथा खाली सरकवल्यावर सगळी एकसंध हलली, की उलटायची वेळ झाली. दोन्ही कालथे समोरासमोरून मध्यापर्यंत खाली घाला, तव्यापासून फक्त चार-पाच सेंटिमीटर उचला आणि मनगटाने एका दमात फिरवा. उंच उचलून उडवायची हौस असेल तर ती पाचव्या-सहाव्या खेपेला. धीर होत नसेल तर ताटलीवर सरकवून घ्या आणि ताटली तव्यावर पालथी घाला. एखादा तुकडा निखळला तर कालथ्याने आत ढकला. अजून सगळं कच्चं आहे, चिकटेल.

उलटल्याबरोबर हात शिवशिवतात वरून दाबायला. दाबू नका. आत्तापर्यंत जी हवा सांभाळली ती एका दाबात फुस्स होते आणि हाती जड पिठाचा गठ्ठा उरतो. आच थोडी कमी करा, झाकण ठेवा, चार-पाच मिनिटं. आता पोर्क खाली आहे. सुरुवातीला ओलसर फसफस ऐकू येईल, मग हळूहळू तळण्याचा कोरडा, चरचरीत आवाज सुरू होईल. तोच झाकण काढायचा इशारा. काढताना तिरकं करू नका, आतलं पाणी वर सांडतं.

पुन्हा एकदा उलटा, पोर्क वर. झाकणाशिवाय दोन मिनिटं, म्हणजे खालची बाजू परत कडक होईल. मध्यभागी काडी घालून पाहा: ओलं पीठ लागलं नाही आणि बोटाने हलकं टेकवल्यावर उसळी मारली की झाली.

वरचा साज

सॉसची जपानी बाटली मिळाली तर उत्तम. हिरोशिमाच्या ओताफुकु कंपनीचा सॉस १९५२ पासून आहे आणि त्याचा दाट गोडवा खजुरातून येतो. शाकाहारी लोकांनी बाटलीवरची घटकांची यादी वाचावी, अशा सॉसमध्ये मांसाचा किंवा कालवांचा अर्क असू शकतो. घरी करायचा तर ४ मोठे चमचे केचप, ३ मोठे चमचे वूस्टर सॉस, १ मोठा चमचा सोया सॉस आणि तीन बिनबियांचे खजूर गरम पाण्यात भिजवून वाटलेले, हे सगळं मंद आचेवर दोन मिनिटं आटवा. वूस्टर सॉसच्या काही बाटल्यांत अँचोव्ही मासा असतो, तेही बघा.

ओकोनोमियाकी तव्यावर असतानाच ब्रशने सॉस लावा. थोडा मुद्दाम कडेला तव्यावर सांडू द्या. तो करपताना जो वास सुटतो, तोच ओसाकातल्या गल्लीत शिरताना नाकाला भिडतो. मग ताटात काढून मेयोनीजच्या बारीक रेघा. जाड नोजलने ओतलेलं मेयोनीज सगळं झाकून टाकतं. बाजारात मिळणारी एगलेस मेयोनीज बहुधा गोड असतात, त्यांत थोडं व्हिनेगर आणि चिमूटभर मोहरीपूड फेटा. वर आओनोरी या समुद्री शेवाळाची हिरवी पूड भुरभुरा. ती नसेल तर पातीची हिरवी टोकं बारीक चिरून. सगळ्यात शेवटी कात्सुओबुशीची मूठ. हे काप इतके पातळ असतात की वाफ लागताच वळवळू लागतात; घरात लहान मुलं असतील तर त्यांना हाक मारून मगच घाला.

ओसाकात हिचे पिझ्झ्यासारखे त्रिकोण करत नाहीत. कालथ्याने उभे-आडवे छेद देऊन चौकोनी तुकडे पाडतात. शेजारी भाताची वाटी आणि मिसो सूप घेऊन जेवणारेही भरपूर. टोकियोकर त्यावरून त्यांची थट्टा करतात.

बिघडली तर

आतून कच्ची आणि बाहेरून काळी असेल तर आच जास्त होती, किंवा जाडी तीन सेंटिमीटरवर गेली. उलटताना फुटली तर बहुतेक वेळा घाईच कारण असते. एखादं मिनिट आणखी थांबायला हवं होतं. कोबी जाड चिरला असेल तरीही फुटते. चिवट, रबरी लागली तर पीठ जास्त घोटलं. तव्यावरच पाणी सुटलं तर कोबी ओला होता किंवा मिश्रण कालवून फार वेळ ठेवलं. अंडं पूर्ण वगळून केलेली नेहमीच नाजूक राहते. तेव्हा आकार १०-१२ सेंटिमीटरचा ठेवा.

हिरोशिमाची, हात बसल्यावर

हिरोशिमात काहीच कालवत नाहीत, सगळं थरांत रचतात. अणुबॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या शहरात युद्धानंतर फिरत्या गाड्यांवर ती वाढली. आज तिथल्या ओकोनोमिमुरा इमारतीत मजल्यामागून मजले हीच दुकानं आहेत. पातळ पिठाची २० सेंटिमीटरची पोळी, वर कात्सुओबुशीची पूड, मग बारीक लांब चिरलेल्या कोबीचा दीडशे ग्रॅमचा ढीग, मूठभर मोड, तेनकासु, पोर्क, आणि सगळ्यावर पिठाचा एक चमचा. हा डोलारा उलटून कोबी स्वतःच्या वाफेत खाली बसू देतात. शेजारी नूडल्स सॉसमध्ये परततात, त्यांवर डोलारा सरकवतात. मग एक अंडं फोडून पसरवायचं, त्यावर सगळं ठेवायचं आणि पुन्हा उलटायचं. घरी दोन शेगड्या आणि दोन तवे लागतात. यात दाबणं चालतं, पण शेवटी, कोबी पुरता बसल्यावर.

एकट्यासाठी करत असाल तरी दोन्ही भाजून घ्या. सॉस न लावता गार करून, फॉइलमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवली तर तीन-चार आठवडे टिकते. गरम करताना आधी मायक्रोवेव्हमध्ये दोन-तीन मिनिटं, मग तव्यावर दोन्ही बाजूंनी एकेक मिनिट, म्हणजे वरचा कडकपणा परत येतो. सॉस आणि बाकी साज तेव्हाच.